दीर्घकालीन औद्योगिक पूर्वानुमान

दीर्घकालीन औद्योगिक पूर्वानुमान म्हणजे एखाद्या उद्योगातील मागणी, तंत्रज्ञान, कच्चा माल, किमती व सरकारी नियमन यांत पुढील साधारणतः दहा ते तीस वर्षांत कोणते बदल संभवतात, याचा पद्धतशीर अंदाज बांधण्याची प्रक्रिया होय. उद्योगांचे प्रमुख, शासनकर्ते, बँका व कामगार संघटना यांना आजचे निर्णय उद्याच्या संभाव्य परिस्थितीशी ताडून पाहता यावेत, हा तिचा हेतू असतो. औष्णिक वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, खाण किंवा बंदर यांचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते आणि त्यांत गुंतवलेला पैसा सहजासहजी मोकळा करता येत नाही. अशा उद्योगांत चुकीच्या अंदाजाची किंमत बहुधा अंदाज बांधणाऱ्याला नव्हे, तर ग्राहकाला, करदात्याला आणि कामगाराला मोजावी लागते.

ज्या निर्णयासाठी अंदाज वापरला जाणार आहे त्या निर्णयात अंदाजकर्त्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे हितसंबंध गुंतलेले नसतील, तर त्यास स्वतंत्र पूर्वानुमान म्हणतात. या क्षेत्राच्या इतिहासात चुकलेल्या अंदाजांची उदाहरणे पुष्कळ आहेत. तथापि, बरोबर अंदाज हाताशी असूनही तो दडपला गेला, किंवा निर्णयकर्त्यांपर्यंत पोहोचूनही स्वीकारला गेला नाही, अशी उदाहरणे अधिक बोधप्रद आहेत.

संज्ञा

मराठीत भाकीत, अंदाज, पूर्वानुमान आणि परिदृश्य हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात; अभ्यासक मात्र त्यांत भेद करतात. भाकितात एकच घटना ठामपणे सांगितलेली असते. पूर्वानुमानात गृहीतके स्पष्ट करून आकडा व त्यातील अनिश्चितता दिली जाते. परिदृश्यात भविष्याची दोन, तीन किंवा चार परस्परभिन्न पण अंतर्गत सुसंगत चित्रे मांडली जातात. त्यांपैकी कोणते खरे ठरेल, हे सांगण्याचा दावा नसतो.

यांहून वेगळा प्रकार म्हणजे संकल्पचित्र. त्यात काय घडेल यापेक्षा काय घडावे हे सांगितलेले असते. मुंबईतील उद्योगजगताच्या पुढाकाराने स्थापन झालेली बॉम्बे फर्स्ट ही संस्था व मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘व्हिजन मुंबई’ हा अहवाल या प्रकारात मोडतो. दहा वर्षांत मुंबईला जागतिक दर्जाचे शहर बनवण्याचा आराखडा त्यात होता. अशा दस्तऐवजांना पूर्वानुमान समजणे चुकीचे आहे; तरीही वृत्तपत्रांत व धोरणविषयक चर्चांत हा घोटाळा वारंवार होतो, कारण इष्ट भविष्याचे आकडेही संभाव्य भविष्याच्या आकड्यांसारखेच तक्त्यांत मांडलेले असतात.

उगम

या शाखेचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी नियोजनात आहे. अमेरिकी हवाई दलासाठी डग्लस एअरक्राफ्ट या विमान कंपनीत १९४६ साली सुरू झालेला रँड प्रकल्प १९४८ मध्ये त्या कंपनीपासून वेगळा करून त्याची ना-नफा संस्था करण्यात आली. विमाने विकणाऱ्या कंपनीनेच हवाई दलाला कोणती विमाने लागतील याचा सल्ला द्यावा, ही व्यवस्था अडचणीची ठरत होती. स्वतंत्र पूर्वानुमानाचा प्रश्न अशा रीतीने या शाखेच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

रँडमध्ये ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की आदींनी डेल्फी पद्धत विकसित केली. या पद्धतीत तज्ज्ञांना एकत्र न बसवता, एकमेकांची नावे कळू न देता, लेखी प्रश्न विचारले जातात. पहिल्या फेरीतील उत्तरांचा गोषवारा सर्वांना पाठवून पुन्हा मत मागवले जाते. वयाने किंवा हुद्द्याने ज्येष्ठ असलेल्या व्यक्तीच्या मताखाली इतरांची मते दबू नयेत, हा त्यामागील उद्देश. रँडमधीलच हर्मन काहन यांनी अणुयुद्धाच्या शक्यतांचा विचार करताना परिदृश्यांचा वापर रूढ केला व १९६१ मध्ये हडसन इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन करून तोच विचार उद्योग व अर्थकारणाकडे वळवला.

याच सुमारास फ्रान्समध्ये निराळी परंपरा उभी राहत होती. तत्त्वज्ञ गास्तों बर्जे यांनी १९५७ मध्ये भविष्याभ्यासाचे केंद्र स्थापन केले, तर बेर्त्रां द जुव्हनेल यांनी १९६० पासून ‘फ्युतुरीब्ल’ हा उपक्रम चालवला. भविष्य हे शोधून काढण्याची वस्तू नसून निवडण्याची बाब आहे, यावर या परंपरेचा भर होता.

हबर्ट यांचे अनुमान

मॅरियन किंग हबर्ट हे शेल कंपनीच्या ह्यूस्टन येथील प्रयोगशाळेत काम करणारे भूभौतिकशास्त्रज्ञ होते. मार्च १९५६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या सभेत त्यांनी एक निबंध वाचला. कोणत्याही मर्यादित साठ्यातून होणारे उत्पादन आरंभी वाढते, साधारणतः निम्मा साठा संपल्यावर शिखर गाठते व नंतर घटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील एकूण काढण्याजोगे तेल १५० अब्ज पिंपे मानल्यास उत्पादनाचे शिखर १९६५ च्या सुमारास आणि २०० अब्ज पिंपे मानल्यास १९७० च्या सुमारास येईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सभेच्या काही वेळ आधी कंपनीच्या मुख्यालयातून दूरध्वनी करून त्यांना हा भाग सौम्य करण्यास सुचवण्यात आले होते. त्यांनी तो तसाच वाचला.

तेलउद्योगात त्या वेळी या अनुमानाची टर उडवली गेली. १९६४ पासून हबर्ट ज्या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करू लागले, त्याच संस्थेचे अधिकृत अंदाज कितीतरी अधिक आशादायक होते. १९६० च्या दशकारंभी तेथे ५९० अब्ज पिंपांचा आकडा मांडला गेला होता. प्रत्यक्षात अमेरिकेचे उत्पादन १९७० मध्ये दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोचले आणि घसरू लागले.

हबर्ट यांची कीर्ती या एका यशावर उभी आहे, परंतु त्यांच्या पद्धतीची मर्यादाही पुढे उघड झाली. जगाचे तेलउत्पादन २००० च्या सुमारास शिखर गाठेल, हा त्यांचा दुसरा अंदाज खरा ठरला नाही. अमेरिकेतही २००८ नंतर घट्ट खडकांना पाण्याच्या प्रचंड दाबाने तडे पाडून त्यांतील तेल बाहेर काढण्याचे तंत्र पसरले आणि २०१८ मध्ये १९७० चा उच्चांक मागे पडला. साठा मर्यादित असतो हे गृहीतक बरोबर होते. काढण्याजोगा साठा किती, हे मात्र तंत्रज्ञान व किंमत यांवर ठरते आणि त्या दोन्ही गोष्टी त्यांच्या आलेखात नव्हत्या.

शेल आणि १९७३ चे तेलसंकट

उद्योगातील दीर्घकालीन पूर्वानुमानाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण रॉयल डच शेल याच कंपनीचे आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास कंपनीत संगणकाच्या आधारे सहा वर्षांचे एकत्रित नियोजन सुरू झाले होते. ते सर्व आकडे मागील वर्षांच्या वाढीचा कल पुढे ओढून काढलेले असत. टेड न्यूलँड यांच्याकडे दूरच्या काळाच्या अभ्यासाची जबाबदारी आली आणि १९७१ मध्ये फ्रान्समधील पिएर वाक हे लंडन कार्यालयात दाखल झाले.

वाक पूर्वी पत्रकार होते. भारतीय तत्त्वविचाराची त्यांना ओढ होती आणि बंगालमधील स्वामी प्रज्ञानपाद यांच्या सहवासात ते वेळोवेळी राहत असत. भविष्यातील काही गोष्टी अनिश्चित असतात, तर काही आधीच घडून गेलेल्या असून त्यांचे परिणाम तेवढे पोहोचायचे असतात, हा भेद समजावण्यासाठी त्यांनी पुढे गंगेचाच दाखला दिला. हिमालयातील पाणलोट क्षेत्रात प्रचंड पाऊस झाला, तर दोन दिवसांत ऋषिकेशला, त्यानंतर काही दिवसांत अलाहाबादला आणि मग काशीला पूर येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. काशीच्या लोकांना मात्र तो पाऊस दिसलेला नसतो.

तेलउद्योगात हा ‘पाऊस’ १९७० च्या सुमारास पडून गेला आहे, असे वाक व न्यूलँड यांचे निदान होते. अमेरिकेचे उत्पादन शिखरावर पोहोचले होते व ती मोठी आयातदार बनू लागली होती. मागणी दरवर्षी वाढत होती. दुसरीकडे, आखाती देशांपैकी काहींची लोकसंख्या इतकी कमी होती की वाढीव उत्पन्न खर्च करण्याची त्यांना निकड नव्हती. तेल जमिनीतच ठेवणे त्यांच्या हिताचे होते. निर्यातदार देश किंमत वाढवतील हे जवळपास ठरलेले होते. प्रश्न केवळ केव्हा आणि किती, एवढाच होता.

पहिल्या फेरीतील परिदृश्यांचा कंपनीच्या व्यवस्थापकांवर काही परिणाम झाला नाही. त्यांत तेलाच्या किमतीच्या तीन-चार पातळ्या दिलेल्या होत्या आणि व्यवस्थापकांनी त्या वाचून बाजूला ठेवल्या. वाक यांनी यातून धडा घेतला. सप्टेंबर १९७२ मध्ये वरिष्ठ संचालकांपुढे केलेल्या सादरीकरणात त्यांनी उलट वाट धरली: सर्व काही पूर्वीसारखेच सुरळीत चालायचे असेल, तर काय काय घडावे लागेल, हे दाखवले. त्यासाठी प्रचंड नवे साठे सापडणे, उत्पादक देशांनी ग्राहकांच्या सोयीने तेल उपसत राहणे आणि कोणतेही युद्ध, अपघात वा खंड न पडणे असे तीन चमत्कार एकाच वेळी घडणे आवश्यक होते. ज्या चित्राला संचालक ‘सामान्य परिस्थिती’ समजत होते तेच सर्वांत असंभाव्य आहे, हे त्यामुळे त्यांच्या लक्षात आले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेली किंमत जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेली. युद्धाची तारीख शेलच्या नियोजनकारांनी सांगितली नव्हती. परंतु किंमत वाढल्यास काय करायचे, याचा विचार कंपनीत आधी झालेला होता. नवे शुद्धीकरण कारखाने उभारण्याचा वेग तिने प्रतिस्पर्ध्यांआधी कमी केला आणि निरनिराळ्या प्रतीचे तेल हाताळू शकतील अशा सुधारणांवर भर दिला. याउलट, जहाजवाहतूक उद्योगाने मागणी वाढतच राहणार या गृहीतकावर प्रचंड तेलवाहू जहाजांच्या मागण्या नोंदवलेल्या होत्या. पुढील काही वर्षांत त्यांतील कित्येक नवी कोरी जहाजे नॉर्वेच्या खाड्यांत नांगरून ठेवावी लागली.

या यशकथेत अतिशयोक्तीही बरीच शिरली आहे. परिदृश्यांमुळे शेल जगातील आघाडीची कंपनी बनली, असे व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. तिच्या वाढीची इतर कारणे त्यात झाकली जातात. त्याच काळात, तेल महागणार म्हणून अणुऊर्जेला दिवस येतील या हिशोबाने कंपनीने अमेरिकेत अणुभट्ट्यांच्या व्यवसायात भागीदारी घेतली आणि त्यात मोठा तोटा सोसला. एक बदल ओळखणाऱ्या संस्थेने त्याचे सर्व परिणाम ओळखले असे होत नाही.

दुर्लक्षित व दडलेले अंदाज

अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाकर हे १९५० पासून वीस वर्षे ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे आर्थिक सल्लागार होते. आयात होणारे स्वस्त तेल कायम स्वस्त राहणार नाही, म्हणून खाणी बंद करण्याची घाई करू नये, असे ते सातत्याने सांगत राहिले. मात्र कोळसा मंडळाच्या नोकरीत असलेल्या माणसाने कोळशाची बाजू घ्यावी, यात सरकारला नवल वाटले नाही. एकदा सोडून दिलेली खाण पाण्याने भरते आणि पुन्हा सुरू करणे बहुधा परवडत नाही; त्यामुळे तेलसंकट आले तेव्हा बंद खाणींचा उपयोग उरला नव्हता. शूमाकर यांचा अंदाज त्यांच्या पदामुळे संशयास्पद ठरला, हे स्वातंत्र्याच्या प्रश्नाचे दुसरे टोक म्हणता येईल. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा उद्योग आक्रसला, तो हवामानाच्या चिंतेमुळे नव्हे, तर किंमत व राजकारण यांमुळे.

कोडॅक कंपनीत अडचण वेगळी होती. १९७५ मध्ये तिच्याच प्रयोगशाळेत स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने पहिला अंकीय कॅमेरा तयार केला. १९८१ मध्ये बाजार संशोधनाचे प्रमुख व्हिन्स बाराबा यांनी अंकीय छायाचित्रण फिल्मची जागा घेऊ शकते, परंतु त्यास सुमारे दहा वर्षे लागतील, असा अहवाल दिला. व्यवस्थापनाने त्यातील ‘धोका’ हा भाग मागे ठेवून ‘दहा वर्षे’ एवढाच भाग घेतला. फिल्मवरील नफा चालू होता, तोवर घाई करण्याचे कारण कोणालाच दिसले नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जागतिक तापमानवाढीचे जे अंदाज तयार केले होते, त्यांचे मूल्यमापन जेफ्री सुप्रान, श्टेफान राम्स्टॉर्फ व नेओमी ओरेस्केस यांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के अंदाज नंतरच्या प्रत्यक्ष तापमानवाढीशी जुळणारे निघाले. दर दशकास सुमारे ०.२० अंश सेल्सियस वाढ, असा त्यांचा सरासरी कल होता. कंपनीची सार्वजनिक भूमिका मात्र दीर्घकाळ या विज्ञानाविषयी शंका उपस्थित करणारी होती. कंपनीअंतर्गत पूर्वानुमान कितीही उत्तम असले तरी ते कोणी वाचायचे, हे कंपनीच ठरवते. स्वतंत्र व जाहीर पूर्वानुमानाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

स्वातंत्र्याची व्यवस्था

अंदाजकर्त्याला पगार कोणी ना कोणी देतोच. त्यामुळे स्वातंत्र्य ही व्यक्तीच्या सचोटीपेक्षा व्यवस्थेच्या रचनेची बाब मानली जाते. नेदरलँड्समध्ये १९४५ साली यान टिनबर्खेन यांच्या संचालकत्वाखाली स्थापन झालेले केंद्रीय नियोजन कार्यालय सरकारी पैशावर चालते, तरीही त्याच्या निष्कर्षांत मंत्र्यांना हस्तक्षेप करता येत नाही. १९८६ पासून ते राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांचाही आर्थिक हिशोब मांडते. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने ऊर्जा माहिती प्रशासनाची स्थापना झाली. आकडे व अंदाज प्रसिद्ध करण्यासाठी त्यास अन्य कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागत नाही. ही संस्था आपले जुने अंदाज प्रत्यक्ष आकड्यांशेजारी ठेवून ते किती चुकले, याचा आढावाही प्रसिद्ध करते. अशी प्रथा खासगी सल्लागार संस्थांत क्वचितच आढळते.

स्वतंत्र संस्था टिकतेच असे नाही. अमेरिकी संसदेला नव्या तंत्रज्ञानाच्या परिणामांविषयी सल्ला देण्यासाठी १९७२ मध्ये स्थापन झालेले तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय १९९५ मध्ये निधी काढून घेऊन बंद करण्यात आले.

तेलसंकटानंतर नोव्हेंबर १९७४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा वार्षिक अहवाल जगभरच्या सरकारांत प्रमाण मानला जातो. या अहवालांनी सौर विद्युत पट्ट्यांच्या वाढीचा अंदाज वर्षानुवर्षे कमी बांधला. नेदरलँड्समधील संशोधक आउके हुक्स्ट्रा यांनी २०१७ च्या सुमारास लागोपाठच्या अहवालांतील आलेख एकावर एक ठेवून दाखवले: प्रत्यक्ष रेषा उभी चढत जाते आणि प्रत्येक वर्षीचा अंदाज त्या बिंदूपासून जवळपास आडवा निघतो. एकूण उत्पादन दुप्पट होताना सौर पट्ट्यांची किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरत आली आहे. अनुभवाने उत्पादनखर्च घटण्याचा हा नियम टी. पी. राइट यांनी १९३६ मध्येच विमाननिर्मितीच्या बाबतीत मांडला होता. आपली परिदृश्ये म्हणजे भाकिते नसून चालू धोरणे कोठे नेतील याचे चित्रण आहे, असे संस्थेचे स्पष्टीकरण असते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण वाचणारे अर्थखाते किंवा बँक ते अंदाज म्हणूनच वाचते.

अचूकतेची मर्यादा

मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी राजकीय व आर्थिक घडामोडींविषयी २८४ तज्ज्ञांचे अंदाज सुमारे वीस वर्षे नोंदवून त्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. साध्या सांख्यिकी सूत्रांपेक्षा तज्ज्ञ सरस ठरले नाहीत, आणि एकाच मोठ्या सिद्धांतावर विसंबणाऱ्यांपेक्षा अनेक दृष्टिकोन तपासणाऱ्यांची कामगिरी चांगली होती. प्रसिद्धी मात्र पहिल्या गटातील लोकांना अधिक मिळत होती.

प्रतिमानांची गुंतागुंत हाही अचूकतेचा पुरावा नव्हे. ऑस्ट्रियातील आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्थेने १९८१ मध्ये जगाच्या ऊर्जाभविष्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बिल कीपिन व ब्रायन विन यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले की त्यातील निष्कर्ष जवळपास आरंभीच्या गृहीतकांतच दडलेले होते. अवाढव्य संगणकीय आकडेमोडीने त्यांत फारशी भर घातली नव्हती.

अर्धवाहक उद्योगात अंदाजाचे निराळेच रूप दिसते. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका चकतीवरील घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होत जाईल, असे म्हटले. पुढे सर्व कंपन्यांनी त्यालाच वेळापत्रक मानून संशोधन आखले. भाकीत खरे ठरले, यात ते खरे करण्यासाठी झालेल्या खर्चाचा वाटा मोठा आहे.

भारतातील अनुभव

पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या वर्तुळात दीर्घकालीन तंत्रज्ञानविषयक अभ्यासाची गरज मांडली गेल्यानंतर १९८८ मध्ये तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यमापन परिषद अर्थात टायफॅक ही संस्था स्थापन झाली. ए. पी. जे. अब्दुल कलाम अध्यक्ष असताना तिने १९९६ मध्ये ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ हे खंड प्रसिद्ध केले. अन्नप्रक्रिया, वीज, रस्ते वाहतूक, जलमार्ग, आरोग्य अशा अनेक क्षेत्रांचा त्यांत समावेश होता. कलाम व वाय. एस. राजन यांच्या १९९८ मधील पुस्तकामुळे ‘२०२०’ हा आकडा देशभर घोषवाक्यासारखा पसरला. त्यातील पूर्वानुमानाचा भाग मागे पडून संकल्पचित्राचा भागच लक्षात राहिला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महाग पडलेला प्रश्न वीजमागणीचा होता. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळजवळ दोन हजार मेगावॅटहून मोठ्या वायुविद्युत प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पास कर्ज देण्यास नकार दिला. सतत पूर्ण भाराने चालवण्याच्या दृष्टीने प्रकल्प राज्याच्या मागणीच्या मानाने फार मोठा आहे आणि त्याची महाग वीज घेण्यासाठी कोळशाची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असे तिचे म्हणणे होते. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. वीज घेतली किंवा न घेतली, तरी स्थिर आकार देण्याचे बंधन मंडळावर होते आणि दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता. पुण्यातील प्रयास या स्वयंसेवी संस्थेच्या ऊर्जा गटाने कराराचे तांत्रिक व आर्थिक विश्लेषण करून मंडळावर येऊ घातलेल्या बोजाकडे तेव्हाच लक्ष वेधले होते.

१९९५ मध्ये सत्तांतर झाले. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर प्रकल्प रद्द झाला व फेरवाटाघाटींनंतर पुन्हा सुरू झाला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये कार्यान्वित झाला. अपेक्षेएवढी वीज उचलली जात नव्हती, डॉलर महागला होता आणि इंधनाच्या किमतीही वाढल्या होत्या. काही महिन्यांत प्रतियुनिट दर सात रुपयांच्या वर गेला. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये मंजुरीप्रक्रियेतील गंभीर त्रुटी नोंदवल्या. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने करार संपुष्टात आणला, केंद्र बंद पडले आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे प्रकल्प सोपवण्यात आला.

विशेष म्हणजे त्यानंतर दोन-तीन वर्षांतच महाराष्ट्राला तीव्र भारनियमनाला तोंड द्यावे लागले. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. राज्याला अधिक वीज लागणार, हा मूळ अंदाज चुकीचा नव्हता. ती केव्हा लागेल, दिवसाच्या कोणत्या वेळी लागेल आणि लोक तिच्यासाठी किती पैसे मोजू शकतील, याचे अंदाज चुकले. आणि करारात त्या चुकीची सर्व जोखीम एकट्या मंडळावर टाकलेली होती.

देशपातळीवर वीजमागणीचा अंदाज केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विद्युत सर्वेक्षणातून बांधला जातो. अठराव्या सर्वेक्षणाने २०१६-१७ साठी सुमारे २ लाख मेगावॅट कमाल मागणी गृहीत धरली होती; प्रत्यक्षात ती सुमारे १ लाख ६० हजार मेगावॅट झाली. त्याच सर्वेक्षणातील २०२१-२२ चा सुमारे २ लाख ८३ हजारांचा आकडा एकोणिसाव्या सर्वेक्षणात सुमारे २ लाख २६ हजारांवर आणावा लागला आणि प्रत्यक्ष मागणी त्याहूनही कमी, सुमारे २ लाख ३ हजार मेगावॅट राहिली. अशा अंदाजांवर विसंबून बँकांनी औष्णिक प्रकल्पांना कर्जे दिली होती. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये सुमारे ४० हजार मेगावॅट क्षमतेचे ३४ औष्णिक प्रकल्प आर्थिक अडचणीत असल्याचे नोंदवले. कोळशाचा तुटवडा, प्रवर्तकांकडे भांडवलाचा अभाव आणि राज्य वीज कंपन्यांनी खरेदी करार न करणे ही कारणेही त्यात होती. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील १,३५० मेगावॅटचा प्रकल्प बांधून पूर्ण झाला, तरी वीजखरेदी कराराअभावी तो दीर्घकाळ बंदच राहिला.